नाल्याचा उतार

“कासरा नाई तो, खुशालराव,” मी म्हणालो, पण तोवर ते खाली पडले होते.

जठारपेठेमागच्या मैदानात मुरूम टाकलेला होता. त्यावर मोटारसायकल आडवी पडलेली, मागचं चाक उगाच फिरतंय आणि साठीला टेकलेला, आखूड पायजम्यातला एक माणूस धूळ झटकत उठतोय. सकाळपासून ही चौथी वेळ. कारण चारही वेळा एकच. गाडी थांबवायची म्हटली की हा गडी हँडलच्या दोन्ही मुठींवरचे दांडे एकदम आवळायचा, छातीकडे ओढायचा आणि वर तोंडाने ‘हो… हो…’ करायचा. डाव्या हातात क्लच, उजव्या हातात पुढचा ब्रेक. क्लच दाबला की इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो. पुढचा ब्रेक कचकन दाबला की पुढचं चाक जाम होतं. मग मुरमावर जे व्हायचं तेच होतं. ‘हो’ म्हटल्यावर बैल थांबतो. जपानी इंजिनाला वऱ्हाडी कळत नाही.

“लागलं काय?” मी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

“नाई. हात आपोआप वढते.”

“हात तुमचाच हाये ना? मंग त्याले सांगा.”

“चाळीस वर्षं याच हातानं बैलं थांबवले, डायवर साहेब. त्याले आता काय सांगू?”

डायवर साहेब म्हणजे मी, भगवंत. अकोला आगारात एकोणतीस वर्षं एसटी चालवली. एकही अपघात नाही. त्याचा बिल्ला आहे माझ्याकडे, अजून कपाटात गुंडाळून ठेवलाय. निवृत्त झाल्यावर घरी बसलो असतो तर बायकोने, मनकर्णेने, मला जगू दिलं नसतं, म्हणून गाडी शिकवायचा धंदा सुरू केला. तिरस्कार हा शब्द मोठा आहे, पण खोटं कशाला बोलू, मला शिकायला येणाऱ्यांचा तिरस्कारच होता. कापडवाल्याचा मुलगा गिअरला लाथ मारायचा. एक मास्तर ब्रेक दाबताना डोळे मिटायचे. एक वकील तर मलाच कायदा शिकवायचे आणि गाडी नाल्यात घालायचे. आणि मोटारसायकलला तर मी वाहनच मानत नव्हतो. जे स्वतःच्या चाकांवर उभंही राहू शकत नाही, त्याला वाहन कसं म्हणायचं?

खुशालराव आले ते दोन हजार सहा साली, पोळ्यानंतरच्या आठवड्यात. गावातल्या कुणाच्या तरी ट्रॉलीत मोटारसायकल टाकून आणली होती आणि माझ्या फाटकासमोर ती धरून असे उभे होते, जसा बाजारात बैल धरून माणूस उभा राहतो. गाडी त्यांच्या मुलाची, बंडूची. बंडू पुण्याला कंपनीत लागला आणि गाडी घरी धूळ खात पडली.

“कोणतं गाव?” मी विचारलं.

“धामणखेड. बाळापूरच्या रोडवर फाटा हाये, तथून सहा किलोमीटर आत.”

मी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

“या वयात कायले शिकता?” मी म्हणालो. “पोराले बोलवा.”

“त्याले सुट्टी नाई म्हणते. फोनवर सांगते असं करा, तसं करा.” त्यांनी फाटकाच्या सळईला हात लावला. “घरवालीच्या कंबरेच्या हाडात गाठ निंगाली. डाक्टर म्हणते, पंधरा दिवसानं वीस शेक सुरू करा लागतीन मशीनवर. सोमवार ते शुक्रवार, रोज धा वाजता. आन् तिले धक्का लागू द्याचा नाई म्हणते. हाड कच्चं झालं.”

“मंग जीपनं आना.”

“आनली ना एक डाव. काळीपिवळीत चौदा माणसं. अर्ध्या रस्त्यात बेसुद झाली ती.”

“ऑटो?”

“ऑटो आमच्या नाल्यात उतरत नाई. आन् अकोल्यात ठेवाची म्हटली त ते राहत नाई. म्हणते, मले माह्याच घरी झोप लागते.” मग मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, “यष्टी व्हती अगोदर. तीन वर्षं झाले, बंद झाली.”

यष्टी बंद झाली हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. धामणखेडची सकाळची फेरी माझीच होती.

त्या गावाच्या अलीकडे एक नाला आहे. नाल्यात उतरणारा रस्ता काळ्या मातीचा, तिरपा, आणि मध्येच वळलेला. मी तिथे बस थांबवायचो, सगळ्यांना खाली उतरवायचो, रिकामी गाडी पलीकडे न्यायचो आणि मग लोकांनी चिखलातून चालत यायचं. म्हातारे, बाया, कडेवर मुलं, सगळे. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात गाडी तिथे हातभर घसरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि बिल्ला स्वच्छ होता. मी त्याच दिवशी आगारात अहवाल लिहून दिला, ‘रस्ता वाहतुकीस अयोग्य, फेरी स्थगित करावी.’ साहेबांना तेच हवं होतं. फेरी तात्पुरती बंद झाली. सरकारी तात्पुरतं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

हे मी खुशालरावांना सांगितलं नाही. उलट आवाज चढवून म्हणालो, “पंधरा दिवसांत येत नसते ही गाडी. आन् धोतर घालून तर नाईच येत. उद्या पायजमा घालून या.”

दुसऱ्या दिवशी ते पायजमा घालून आले. पायजमा बंडूचा होता आणि घोट्याच्या वर चार बोटं राहत होता.

खुशालराव साधा बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकणारा माणूस नव्हता. तरुणपणी शंकरपटात त्यांची जोडी पळायची. पट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, आणि जो जोडी पळवतो तो धुरकरी. तेल्हाऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत धुरकरी म्हणून यांना बोलावणं असायचं. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, चहा पिता पिता, मी न विचारता. पोळ्याच्या आधी शेवटची जोडी विकली आणि पोळ्याच्या दिवशी दारात दोन खुंटे तेवढे धुऊन पुजले, हेही सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, “झाला चहा? चला, चौथा गिअर.”

गिअर चढवायला ते पटकन शिकले. चवडा दाबला की गिअर चढतो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पळवायची विद्या त्यांच्या अंगातच होती. सगळं घोडं अडत होतं ते उतरताना. टाच दाबली की गिअर उतरतो, एवढं साधं. पण यांचा वेग तिसऱ्या गिअरचा, टाच दोनदा दणादणा मारून गाडी पहिल्यात, आणि क्लच सोडायचा तो गरम भांडं सोडल्यासारखा. गाडी अशी हिसका खायची की यांची छाती टाकीवर आपटायची. प्रत्येक हिसक्यानंतर ते मान वळवून मागच्या रिकाम्या सीटकडे बघायचे.

“तिकडं काय पाहता?” मी ओरडायचो.

“मैनाबाई असती त काय झालं असतं, ते पायतो.” मैनाबाई म्हणजे त्यांची बायको.

पाचव्या दिवशी ते मला म्हणाले, “डायवर साहेब, तुमी बसा ना मांगं. मले पुढं बसून समजत नाई. तुमाले धक्का लागला की सांगा.”

“एकोणतीस वर्षं मी डायवरच्या सीटवर बसलो,” मी म्हणालो. “कोणाच्या मांगं बसलो नाई.”

खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. पण भीतीला तोरा घातला की ती ओळखू येत नाही, हे मला नोकरीनेच शिकवलं होतं.

आठव्या दिवशी ते पुन्हा पडले. या वेळी आरसा फुटला. मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं हसली आणि, सांगायला नको, मीही हसलो. मग म्हणालो, “खुशालराव, तुमच्यानं हे होत नाई. बैलं हाकणाऱ्यानं बैलंच हाकावं.”

ते गाडी उचलत होते. उचलून झाल्यावर स्टँडवर लावली, हँडलवरचा मुरूम हाताने पुसला. “बैलं इकले ना,” ते म्हणाले. एवढंच. मग गाडी ढकलत मैदानाबाहेर, गावच्या ट्रॉलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फाटकाकडे बघत नव्हतो, पण मनकर्णा माझ्याकडे बघत होती.

“ते पायजमावाले बुवा कावून येत नाईत?”

“झेपत नाई त्याले.”

“का तुमी हाकललं?” ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “माणूस शिकाले येते आन् तुमी त्याले वाटेतच उतरून देता. यष्टीतली सवय गेली नाई तुमची.”

मनकर्णेला अहवालाचं माहीत नव्हतं. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फाटकापाशी मोटारसायकल वाजली. खुशालराव स्वतः चालवत आले होते, धामणखेडहून, वीस किलोमीटर. कोपराला फडकं बांधलेलं आणि त्यातून रक्त सुकून काळं पडलेलं. लायसन शिकाऊ, मागे कुणी नाही, आणि हा माणूस हायवेवरून आला होता. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण बोलले ते.

“डायवर साहेब, तुमी मले एक गोष्ट सांगतलीच नाई.”

“कोणती?”

“उतारावर बैलाले वढत नाईत. वढलं की ते मान वर करते आन् बंडी त्याच्या अंगावर येते. उतारावर कासरा ढिला द्या लागते. बैल आपल्या मानंवर बंडी धरते, आपण फक्त मांगं रेलून बसाचं.” ते गाडीवरून उतरलेही नव्हते. “परवा म्या नाल्यात दोन्ही हातानं वढलं, पडलो. काल ईच्यार केला. नाल्याच्या वरच रेस सोडली, टाच मारली, दुसऱ्या गिअरात टाकली आन् क्लच पूरा सोडून देल्ला. ब्रेकले हात लावला नाई. गाडीनं सोताच धरलं. डायवर साहेब, या इंजिनले मान हाये.”

घाटात भरलेली बस ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून मरतो. ती गिअरवर उतरवायची, इंजिनालाच गाडी धरू द्यायची, ही विद्या माझ्या अंगात होती. पण ती मी शिकाऊ लोकांना कधी सांगत नसे. क्लच, ब्रेक, थांबा, पैसे, नमस्कार. कापडवाल्याच्या मुलाला आणि डोळे मिटणाऱ्या मास्तरला कशाला सांगायची? या माणसालाही मी त्यांच्याच रांगेत बसवलं होतं. आणि ती विद्या याने नाल्यात पडून, कोपर फोडून, बैलांकडून काढून घेतली. मला स्वतःची लाज वाटली. माझ्या स्वभावाला लाज ही फार वेळ मानवत नाही, म्हणून मी म्हणालो, “मान हाये, पण हिसका अजून जात नसन.”

“नाई जात,” ते म्हणाले. “तेच ईचाराले आलो.”

मग मी पहिल्यांदा त्यांना नीट शिकवलं. गिअर उतरला की इंजिनाला जास्त जोरात फिरावं लागतं, चाक मात्र आपल्याच चालीने फिरत असतं. दोघांची चाल जुळण्याआधी क्लच सोडला की हिसका बसतो. म्हणून क्लच दाबलेला असतानाच टाच मारायची, रेस किंचित द्यायची, इंजिनाची चाल वर आणायची आणि मग क्लच हळूच सोडायचा. सोडला हे मागच्या माणसाला कळता कामा नये. आणि एकेक गिअर. चौथ्यावरून पहिल्यावर उडी नाही.

खुशालराव डोळे बारीक करून ऐकत होते. “म्हंजे नवा बैल जुंपला की त्याचं पाऊल जुन्याच्या पावलाशी जुळवा लागते, मंगच वजन टाकाचं.”

“बैल नाई,” मी म्हणालो. मग म्हणालो, “हाव, तसंच.”

“आता तुमी मांगं बसता काय?”

मी बसलो. जठारपेठ, मग हायवे, मग फाटा. पहिले दोन किलोमीटर मी सीटखालची कडी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली. फाट्यावरून आत वळलो. दोन्ही बाजूंना कपाशी होती, लाल पडलेली, पाऊस जास्त झाल्याने. एसटीच्या काचेतून हा रस्ता हजार वेळा बघितला होता, पण मोटारसायकलवर प्रत्येक खड्डा माझ्या पाठीच्या कण्याला नाव सांगून जात होता. मग नाला आला.

मी त्यांच्या पाठीमागून बघत होतो. वरच रेस सुटली. चौथ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा. इंजिन घुमलं आणि गाडी स्वतःहून मंद झाली. ते थोडे मागे रेलले, पाठ माझ्या छातीला लागली. तोंडाने ‘हो… हो…’ चालूच होतं, फक्त आता ते हळू होतं. वळण आलं, गेलं. तळाशी मागच्या ब्रेकवर चवडा नुसता टेकला. आम्ही पलीकडे चढलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कडी सोडून दिली होती.

ज्या उतारावरून मी माणसं उतरवत होतो, त्या उतारावरून मला बसल्या जागी कुणीतरी उतरवून नेलं होतं, तेही दोन चाकांवर.

घरी मैनाबाई बाजेवर कुशीवर झोपल्या होत्या. सुकलेल्या बाई, पण डोळे जागे. खुशालरावांनी सांगितलं, “हे डायवर साहेब, मले शिकोते ते.” त्यांनी मला निरखून बघितलं.

“भाऊ, तुमीच ना ते? नाल्याजवय आमाले उतरून देत?”

“हाव,” मी म्हणालो.

“एक डाव मी डोक्स्यावर गव्हाचं पोतं घेऊन चिखलात पडली व्हती. तुमी वरून भोंगा वाजोला.” राग नव्हता त्यांच्या आवाजात, आणि हेच वाईट होतं. “आता मी बसूनच उतरीन,” त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारपासून शेक, म्हणजे दवाखान्यातलं रेडिएशन, सुरू झाले. सीटवर वाकळेची चौपदरी घडी, ती सुतळीने बांधलेली, त्यावर मैनाबाई एका बाजूला पाय सोडून. दवाखान्यातून परत जाताना ती दोघं रोज माझ्याकडे थांबायची. मैनाबाई तासभर आमच्या खाटेवर आडव्या व्हायच्या, मनकर्णा त्यांना पातळ वरण करून द्यायची, मग दुपारी गाडी निघायची. आमच्या गल्लीच्या टोकाला एक ब्रेकर आहे, नगरपालिकेने दारू पिऊन बांधल्यासारखा. त्यावरून गाडी पार झाली की खुशालराव डावा हात हँडल सोडून मागे न्यायचे, मैनाबाईच्या गुडघ्याला लावायचे आणि विचारायचे, “बसली काय वं?” त्या म्हणायच्या, “बसली.” मग हात परत मुठीवर यायचा.

मी फाटकातून रोज ओरडायचो, “खुशालराव, हात सोडू नका हँडलचा.”

ते रोज म्हणायचे, “हाव, डायवर साहेब.” आणि दुसऱ्या दिवशी तेच. सगळं शिकले, पण एवढं एक शिकले नाहीत.

त्या साली आमच्या भागात मंत्र्यांचे ताफे फार येत. कुठल्या गावात कुणा शेतकऱ्याने जीव दिला ते बघायला, कागद वाटायला, फोटो काढायला. एकदा पोलिसांनी फाट्यावर सगळी वाहतूक पाऊण तास अडवली आणि मैनाबाई उन्हात गाडीवरच बसून राहिल्या, कारण एकदा उतरलं की परत चढताना जीव जायचा. मग पंधरा पांढऱ्या गाड्या गेल्या. खुशालराव मला नंतर सांगत होते, “डायवर साहेब, पंध्राच्या पंध्रा गाड्यायचे मांगचे लाल दिवे जळून राह्यले व्हते. सारे ब्रेकवरच. एकालेबी गिअर उतरवाचा समजत नाई.” एवढा मनापासून आलेला तुच्छतेचा सूर मी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मला त्या माणसाचा अभिमान वाटला.

मैनाबाई बोलायच्या कमी. पण एकदा, चौदावा की पंधरावा शेक असेल, खाटेवर पडल्या पडल्या मनकर्णेला म्हणाल्या, “या माणसानं पटात इतक्या जोड्या पयवल्या, पण मले एक डावबी छकड्यात बसोलं नाई. म्हणे, बाई बसली की जोडी हारते.”

बाहेर ओसरीवर खुशालराव होते. त्यांना ऐकू गेलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“आता रोज बसते ना,” ते म्हणाले.

“हाव. हाडं सडल्यावर,” मैनाबाई म्हणाल्या. आणि पुढे, “पण बरं हाकते. खोटं कायले बोलू? सकाळी नाला कधी आला आन् कधी गेला, मले डोळे झाकून समजलं नाई.”

खुशालरावांनी बशी उचलली आणि उरलेला चहा सावकाश प्यायला. कुठल्या पटात जिंकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला असेल असं मला वाटत नाही.

वीस शेक पुरे झाले. एकही दिवस चुकला नाही, एकही धक्का लागला नाही. विसाव्या दिवशी मनकर्णेने मैनाबाईंची ओटी भरली. नंतर ती दोघं आली नाहीत. येण्याचं कारण उरलं नव्हतं, आणि मीही नव्या शिकाऊंना नावं ठेवण्यात गुंतलो.

दिवाळीनंतर तीनेक आठवडे झाले असतील. मी फाटकाला तेल देत होतो. कोपऱ्यावरून मोटारसायकल आली. तिचा आवाज मी ओळखला, कारण गल्लीतल्या कुणाचीच गाडी इतक्या सभ्यपणे गिअर उतरवत नाही. खुशालराव एकटेच होते. डोक्यावर टोपी होती आणि टोपीखाली कानांवर केस नव्हते.

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

“सोमवारी गेली,” ते म्हणाले. “सकायी चहा मांगतला. म्या करून आनला, तवर गेली. पुढच्या शनवारी तेरवी हाये. तुमी आन् वैनी दोघं या.”

“येतो,” मी म्हणालो. “आत या, बसा.”

“नाई बसत. अजून बाळापूरले जा लागते, सोयऱ्यायले सांगाले.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. तीन महिने जे पोटात ठेवलं होतं ते ओठावर आलं, आणि ज्या वेळी बोलू नये नेमक्या त्याच वेळी मी बोललो. “खुशालराव, ती यष्टी बंद झाली ना… तो कागद म्या लिवला व्हता.”

“ठावं हाये.”

“कवापासून?”

“तवाच. सरपंचानं नकल आनली व्हती. खाली तुमचं नाव व्हतं.”

“मंग माह्याकडेच कावून आले? अकोल्यात शिकवणारे दुसरे नाईत काय?”

खुशालरावांनी टोपी सारखी केली.

“ज्याले त्या उताराचं भेव वाटलं,” ते म्हणाले, “त्यालेच तो उतार ठावा असन ना. बाकीचे त म्हणले, काई नाई, चालते.”

एकोणतीस वर्षं मी माझ्या मागे बसलेल्या माणसांना सामान समजत होतो. त्या सामानातल्या एकाने मला ओळखलं होतं, माझी भीती बरोबर वाचली होती, आणि तिचा उपयोग करून घेतला होता, तोही बायकोसाठी. माझ्या बिल्ल्यात एवढं शहाणपण नव्हतं. मी मान हलवली.

त्यांनी गाडी सुरू केली. मी सवयीने फाटकात उभा राहिलो. मागच्या सीटवर वाकळेची घडी अजून तशीच बांधलेली होती, सुतळीची गाठही तीच. गल्लीच्या टोकाला ब्रेकर आला. रेस सुटली, तिसऱ्याचा दुसरा, दुसऱ्याचा पहिला, आवाज कुठेच तुटला नाही. गाडी चढली आणि उतरली. खुशालरावांचा डावा हात हँडल सोडून मागे गेला, घडीवर टेकला, थोडा तिथेच राहिला आणि मग पुन्हा मुठीवर आला.

वीस दिवस त्या हातासाठी मी त्यांच्यावर ओरडलो होतो. त्या दिवशी काही न बोलता फाटक लावलं आणि आत आलो.